बहुतेक पायी

एकोणतीस दिवस चालून यात्रा संपली, आणि तिसाव्या दिवशी सकाळी अर्धुलीचे पाय तिच्या आधी जागे झाले. डोळे मिटलेले, डोकं उशीत रुतलेलं, आणि पांघरुणाखाली पाय मात्र चाललेत. डावा, उजवा, डावा, उजवा.

पलीकडच्या लोखंडी खाटेवरून मावशी म्हणाली, "अगं बये, पोचलो आपण. सांगा त्यांना कोणीतरी."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"तुझेच ना ते? मग कशाला ऐकतील!"

यात्रेकरूंच्या निवासातली तिसऱ्या मजल्यावरची ती खोली. दोन खाटा, कोपऱ्यात अर्धुलीची चालायची काठी, एक खुंटी, खुंटीवर दोघींच्या पिशव्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. खिडकीतून शेजारच्या छापखान्याचं छप्पर दिसायचं आणि शाईचा वास यायचा. मावशीने बादलीत गरम पाणी आणि मूठभर मीठ घातलं, त्यात दोन्ही पाय सोडले आणि असा काही सुस्कारा टाकला की खालच्या मजल्यावरच्यालाही बरं वाटावं.

"आज मी हलणार नाही," तिने जाहीर केलं. "पाच वाजता कचेरीत जाऊन दाखले घ्यायचे, उद्या सकाळी बस. तोवर ही बादली माझं गाव."

दाखले म्हटल्यावर अर्धुलीने पांघरूण डोक्यावर ओढलं. हा शब्द ती गेले आठ दिवस टाळत होती, पण आज तो टळणार नव्हता.

आता हा दाखला काय आणि ही अर्धुली कोण, हे आधी सांगायला हवं. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, घरात नव्हतं. घरात ती अर्धुली, कारण तिने आजवर एकही गोष्ट पुरी केलेली नव्हती. पोहायला शिकली ती तलावाच्या मध्यापर्यंत. स्वेटर विणला त्याला एकच बाही. डायऱ्या सहा, आणि प्रत्येकीची पहिली अकरा पानं भरलेली. बाबा म्हणायचे, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मावशीचं शिवणकामाचं दुकान. तिला चिंध्यांना नावं ठेवलेली खपत नाहीत. ती भर जेवणात म्हणाली होती, "भावोजी, ही पोरगी माझ्याबरोबर यात्रेला येईल आणि पूर्ण चालेल. लावा पैज." बाबा हसून म्हणाले, "दाखल्यावर 'संपूर्ण' लिहिलेलं दाखवा. त्या दिवसापासून तिला अर्धुली म्हणेन तर माझी जीभ झडो."

दाखल्यावर एकच ओळ छापलेली असायची: या व्यक्तीने ही यात्रा संपूर्ण पायी केली आहे. कचेरीतले शिक्केवाले प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून विचारायचे, "संपूर्ण पायी?" आपण म्हणायचं, "संपूर्ण." मग ठक्कन शिक्का. बास, एवढंच.

आणि अर्धुली संपूर्ण पायी आलेली नव्हती.

बाविसाव्या दिवशी पूल लागला. पुलापासून लाकडाच्या वखारीपर्यंत कालव्याच्या बांधावरून सहा किलोमीटर. वाट इतकी अरुंद की एकामागे एकच माणूस. मावशी नेहमीसारखी पुढे, वाऱ्यासाठी कान बांधून. मागे वळून बघायचं नाही हा त्यांच्या जथ्याचा नियम, जथ्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने, निवृत्त पोस्टमनकाकांनी घालून दिलेला. "वळून बघणाऱ्याचं मन मागे राहतं," ते म्हणायचे, "आणि उलटं टाकलेलं पाऊल मोजणीतून वजा." मावशी वळली नाही, आणि अर्धुली पुलावरच थांबली. टाचेला फोड आला होता. बाजूच्या रस्त्यावर दुधाची गाडी उभी होती. गाडीवाला म्हणाला, "वखारीपर्यंत सोडू?" आणि तिने काय केलं ते कळायच्या आत ती गाडीत होती. वखारीशी ती फळ्यांच्या ढिगामागे लपून बसली. मावशी आली आणि पुढे बघत निघून गेली. मागे पोस्टमनकाका होते. त्यांनी ढिगामागची वेणी बघितली, काठी बाजूला घेतली आणि काही न बोलता तिला आपल्या पुढची जागा दिली.

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण निभावलं असतं. पण त्या संध्याकाळी मावशी तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "दुपारी मी बांधावर जे बोलले ना, ते तुझ्यामाझ्यातच राहू दे. आईला सांगू नकोस."

"नाही सांगणार," अर्धुली म्हणाली.

काय बोलली होती, देव जाणे! आठ दिवस ती एक गुपित जिवापाड सांभाळत होती आणि ते काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मावशी आजारी आहे? दुकान बंद करतेय? लग्न करतेय? विचारायची तर सोय नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

"मावशी," आज तिने बादलीकडे बघत खडा टाकून पाहिला, "ते तू बोललीस ते... खरंच का गं?"

"मग काय गंमत म्हणून सांगितलं? चांगली रडले मी."

"हो ना," अर्धुली घाईने म्हणाली. रडली! म्हणजे लग्न नसणार. किंवा असेलही.

"तू काहीच बोलली नाहीस त्यावर, ते एक बरं केलंस. नुसतं ऐकणारं माणूस मिळत नाही हल्ली."

हे ऐकून मात्र तिला त्या खोलीत बसवेना. ती उठली, खिडकीशी गेली, दाराशी गेली, परत खिडकीशी आली.

"पिंजऱ्यातल्या वाघासारखी काय फिरतेस? जा, शहर बघून ये."

"कुठे कुठे जाऊ? तू तर आधी येऊन गेलीयेस ना इथे."

मावशी सतरा वर्षांची असताना एकदा ही यात्रा चालली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तिने बादलीतले पाय हलवले आणि म्हणाली, "किती बदललंय शहर. तुझं तूच बघ." काल घड्याळाचा मनोरा समोर दिसत असताना तिने तीन जणांना मनोरा कुठे म्हणून विचारलं होतं, तेही अर्धुलीला तेव्हा आठवलं नाही. चोराच्या मनात चांदणं असलं की त्याला दुसऱ्याच्या अंगणातलं दिसत नाही.

आता तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते ऐका. सहा किलोमीटर राहिलेत ना? मग चालायचे! शहरात तर शहरात, जमीन सगळीकडे जमीनच. पाचच्या आत सहा किलोमीटर पुरे केले की "संपूर्ण" म्हणायला कोणाची भीती? मावशीचा डोळा लागल्याबरोबर तिने तिच्या उशाची मापाची टेप उचलली. ही टेप मावशीच्या गळ्यात एकोणतीस दिवस होती, लोक मंगळसूत्र घालतात तशी. तिने बाहेरच्या व्हरांड्यात दहा पावलं टाकली आणि मोजली. बरोबर चार टेपा, म्हणजे सहा मीटर. साठ सेंटीमीटरचं एक पाऊल. सहा किलोमीटरची दहा हजार पावलं! गणितात इतकं सरळ उत्तर तिला आयुष्यात कधी आलं नव्हतं. हा तिला शुभशकुनच वाटला.

शंभर झाली की खूण हवी. मावशी वाटेत सगळ्या जथ्याचे कपडे दुरुस्त करायची, तिच्या पिशवीत बटणांची पुरचुंडी होती. अर्धुलीने शंभर बटणं मोजून उजव्या खिशात भरली. शंभर पावलं झाली की एक बटण उजव्यातून डाव्यात. सगळी डावीकडे गेली की संपूर्ण. टेप कमरेला गुंडाळली आणि निघाली.

पहिली पाचशे पावलं झकास गेली. किल्ल्या बनवणाऱ्यांची गल्ली लागली, दाराएवढ्या लाकडी किल्ल्या टांगलेल्या. एक किल्लीवाला म्हणाला, "काय हरवलंय, ताई?" ती मान न वळवता म्हणाली, "काही नाही, पाचशे बारा." पुढच्या चौकात बाकावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "पोरी, किती वाजले?" ती म्हणाली, "सहाशे एक्केचाळीस." आजोबांनी आपलं घड्याळ कानाला लावून हलवलं.

शहर सुंदर असावं. ती त्याच्यातून जात होती आणि तिला ते शंभर शंभरच्या तुकड्यांत मिळत होतं. बाराशे ते तेराशे नुसती न्हाव्यांची दुकानं, साबणाचा वास आणि मान मागे टाकलेली माणसं. दोन हजाराला एक मोठी काच आणि काचेत एक मुलगी, उन्हाने मनगटापर्यंत भाजलेली, गालावर सालं निघालेली, खांदे कसे मागे! ही कोण बाई एवढ्या तोऱ्यात चाललीय? आणि मग, अगंबाई, ही तर मीच! एका क्षणापुरतं तिला स्वतःबद्दल इतकं बरं वाटलं की ती शिट्टी वाजवणार होती. तेवढ्यात आठवलं, की काचेतल्या त्या मुलीकडून सहा किलोमीटर येणं आहे.

कापडाच्या चार मजली दुकानातून पलीकडच्या रस्त्यावर निघता येतं म्हणून ती आत शिरली. दारवान म्हणाला, "लिफ्ट इकडे." "लिफ्ट नको," ती म्हणाली, "ती उभी गाडीच झाली की." ती जिन्याने चढली, वरच्या मजल्यावरच्या जोडपुलावरून पलीकडच्या इमारतीत गेली, जिन्याने उतरली. पायऱ्या साठ सेंटीमीटरच्या कुठे असतात? पण चढायला त्रास जास्त, म्हणून त्या चालतील असं तिने ठरवलं. बागेतल्या तळ्याभोवती फिरताना नवाच प्रश्न पडला: गोल फिरणं पुढे धरायचं की मागे? अर्धा फेरा पुढे आणि अर्धा मागे म्हणावं तर सगळंच शून्य. तिने तळ्याला एकच फेरी घातली आणि घाईने बाहेर पडली. रस्ता ओलांडताना एका गाडीने भोंगा वाजवला, ती दचकून तीन पावलं मागे सरली. तीन वजा.

भूक लागली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. टाचेचा तो जुना फोड, जो केव्हाच बरा झाला होता, तो आता मनातल्या मनात दुखायला लागला. आणि मोजता मोजता मधेच ते दुसरं चक्र सुरू व्हायचं. चार हजार नऊशे, आजारी असेल का? पाच हजार, मग डॉक्टरकडे का गेली नाही? पाच हजार शंभर, दुकान विकतेय, नक्की दुकान विकतेय, आणि मी म्हटलं, नाही सांगणार.

एकसष्टावं बटण डाव्या खिशात टाकताना तिचा हात खोल गेला. फार खोल. हात मांडीपर्यंत गेला.

खिशाला भोक होतं.

दहाव्या दिवसापासून मावशी ओरडत होती, "ती पँट दे इकडे, दोन टाक्यांचं काम आहे!" आणि ही म्हणत होती, देते गं, उद्या. शिवणाऱ्या मावशीची भाची आणि खिसा फाटका, यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात. खिशात उरली होती चार बटणं. सत्तावन्न बटणं शहराला वाटून झाली होती.

आता काय करायचं? बटणं मावशीची. आणली तशी परत करायची तर मागे जायला हवं, आणि मागे जायचं तर प्रत्येक पाऊल वजा. ती उभीच राहिली. लोक तिला वळसा घालून जात होते. मग ती मागे फिरली, खाली वाकून, एक एक फरशी तपासत. सहा हजार नव्याण्णव, सहा हजार अठ्ठ्याण्णव... वाचनालयाच्या रुंद पायऱ्यांपर्यंत आली तेव्हा दोन बटणं मिळाली होती आणि मोजणीत पाच हजार तीनशेच पावलं उरली होती. मोठ्या मनोऱ्यावर तीन वाजले. ती खालच्या पायरीवर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे पाय थांबले आणि तेव्हाच तिला रडू कोसळलं.

"शहरात बटणं पेरून सदरे उगवतात का गं?"

समोर मावशी. पायांत निवासाच्या रबरी चपला, सुजलेली बोटं त्यांतून बाहेर आलेली, हाताच्या ओंजळीत बटणं.

"किल्ल्यांच्या गल्लीत तोंडाशी पहिलं सापडलं," मावशी शेजारी बसत म्हणाली. "चार भोकांचं, कडेला रेघ. म्हटलं हे तर माझं! पुढे बघते तर आणखी एक. दुकानाचा दारवान म्हणाला, लिफ्टवर रागावलेली मुलगी वर गेली. एवढ्या पायऱ्या मी तुझ्या नावाने चढले, कार्टे. आणि ती माझी टेप काढ कमरेची. उठले तर गळा उघडाबोडका."

अर्धुलीने टेप काढून दिली. मावशीने ती गळ्यात घातली आणि मग तिच्याकडे नीट बघितलं. मापं घेणाऱ्याची नजर ती. कुठे ताणलंय आणि कुठे झोळ आहे ते तिला बघताच कळतं.

"बोल."

"मावशी, मी ना..." आणि मग सगळं एका श्वासात आलं. पूल, गाडी, फळ्यांचा ढीग, दहा हजार पावलं, भोक. "मी तुझ्यामागे नव्हतेच. तू बांधावर काय बोललीस ते मला माहीतच नाही. तू आजारी आहेस का?"

पायऱ्यांवरून एक बाई पुस्तकांची चळत घेऊन उतरली. एक पुस्तक पडलं, तिने उचललं, गेली.

"आठ दिवस," शेवटी मावशी म्हणाली. आवाज इतका हळू की ओरडली असती तर बरं. "आठ दिवस तू माझं गुपित सांभाळतेयस, आणि तुला ते ठाऊकच नाही?"

"पण मी कोणाला सांगितलं नाही."

"सांगणार काय, कपाळ!" मावशीच्या तोंडाचा कोपरा हलला, पण हसू काही आलं नाही. "मी तुझ्यापाशी मन मोकळं केलं म्हणून आठ दिवस हलकी होते मी. आणि तू दुधाच्या गाडीत." तिने ओंजळीतली बटणं पायरीवर ठेवली. एक घरंगळलं, ते दोघींपैकी कोणीही धरलं नाही. मग एकदम ती ताठ झाली. "थांब. मग माझ्यामागे कोण होतं? मी विचारलं, ऐकतेयस ना? तर मागून काठी दोनदा टेकली!"

अर्धुली हळूच म्हणाली, "पोस्टमनकाका."

"अरे देवा." मावशीने टेप तोंडावर ओढून घेतली. "मी त्यांना बये म्हटलं. दोनदा. एकदा तर म्हटलं, तुला परकरात पाहिलंय मी!"

इथे मात्र अर्धुलीला हसू फुटलं. दाबलं तरी नाकातून आलं. मावशीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात, आणि धपाटा घालता घालता तीही हसायला लागली. दोघी हसल्या आणि मग एकदम थांबल्या, कारण सांगायचं ते राहिलंच होतं.

"मी आजारी नाही," मावशी म्हणाली. "मी इथे याआधी कधी आलेच नव्हते. सतरा वर्षांची असताना निघाले, पण त्या पुलापर्यंतच आले. पाय गेले, जीव कंटाळला. पुलावरून बस पकडली. आठवडाभर एका मैत्रिणीकडे राहिले आणि घरी सांगितलं, आले जाऊन. दाखला विचारला तर म्हटलं, धुण्यात गेला. तुझ्या आजोबांनी गावभर सांगितलं, माझी लेक यात्रा चालून आली. ते गेले तेव्हाही त्यांना तेच ठाऊक होतं." ती टेपेवरचे आकडे अंगठ्याने पुसत राहिली. "त्या दिवशी पूल ओलांडला तसं पुढचं प्रत्येक पाऊल मला नवं होतं. म्हणून बोलले. तुला अर्धुली म्हणतात ना सगळे? घरातली पहिली अर्धुली मी."

घरंगळलेलं बटण अर्धुलीने उचललं.

"म्हणजे आपण दोघी त्याच पुलावर..."

"त्याच. मला बस मिळाली, तुला दूध." मावशी उठली, चपलांकडे बघून कण्हली. "चल, पावणेपाच होतील पोचेपर्यंत."

"मी काय सांगू तिथे?"

"तोंड तुझं. माझं मी सतरा वर्षांची असताना वापरून बसलेय."

कचेरीत रांग होती. भिंतीला टेकून, पाय बदलत, सगळा जथा. पोस्टमनकाका दोन माणसं पुढे. मावशी लाल झाली, पण तिने धीर केला. "काका, त्या दिवशी बांधावर... तुम्ही ऐकलंत."

"मी पोस्टमन आहे, बाई," काका समोर बघतच म्हणाले. वळायचं नाही म्हणजे नाही. "चुकीच्या पत्त्यावर आलेलं पत्र मी फोडत नाही. जरा जाड होतं, एवढंच."

शिक्केवाले बारीक, चष्मेवाले, बाह्यांना शाई. "संपूर्ण पायी?" "संपूर्ण." ठक्क. "संपूर्ण पायी?" "संपूर्ण." ठक्क. मावशीची पाळी आली. तिने टेप सरळ केली, घसा खाकरला आणि म्हणाली, "संपूर्ण." तो शब्द तिने असा उच्चारला की शिक्केवाल्यांनी मान वर करून बघितलं. ठक्क.

मग अर्धुली. समोर तिचा दाखला, छापील ओळीसह. एक शब्द बोलला की घरात नवं नाव. ती फक्त आठशे पावलं उलट गेली नसती, आणखी दोन तास मिळाले असते, तर दहा हजार पुरी झाली असती. पण पुरी झाली असती तरी मावशीच्या मागे त्या बांधावर ती असती का?

"संपूर्ण पायी?"

"बहुतेक," ती म्हणाली.

शिक्का हवेतच राहिला. "म्हणजे? आठवत नाही?"

"आठवतंय चांगलं. बहुतेक पायी. सहा किलोमीटर दुधाच्या गाडीतून."

"अहो ताई, 'बहुतेक'चा शिक्का नाही माझ्याकडे."

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणून टाक ना गं संपूर्ण! आमचे पाय मोडायची वेळ आलीय!" दुसरं कोणी म्हणालं, "सहा किलोमीटरने देव काय उपाशी राहिला?" कोणी हसलं. अर्धुलीचे कान तापले. ती वळली नाही. शेजारी मावशी आपला दाखला धरून उभी होती.

शिक्केवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "एकवीस वर्षं बसतोय इथे," ते म्हणाले. "एवढ्या पायांत एकही पाय कधी घसरला नाही, हे मला जरा जास्तच वाटायचं." त्यांनी खणातून पट्टी काढली, 'संपूर्ण' या शब्दावर नीट सरळ रेघ मारली, टाक शाईत बुडवला आणि थांबले. "हा शब्द कधी लिहिला नाही मी. 'हु' पहिला की दुसरा?"

"पहिला. ऱ्हस्व."

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात वर लिहिलं: बहुतेक. आणि शिक्का मारला, जरा हळूच, शाई फिसकटू नये म्हणून.

बाहेर आल्यावर अर्धुली दाखला वाळवायला हवेत धरून चालत होती. "बाबा म्हणतील, बघा, दाखलासुद्धा अर्धाच आणला."

"म्हणतील," मावशी म्हणाली. "मग मी त्यांना माझीही गोष्ट सांगेन. जेवताना. त्यांच्या घशात घास असताना." आणि मग चार पावलांनी, "पँट काढून ठेव रात्री. दोन टाक्यांचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये वाहकाने विचारलं, "कुठलं तिकीट?" अर्धुलीने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "दोन, पुलापर्यंत." तीन तासांनी दोघी पुलावर उतरल्या. बस धूळ उडवत घराच्या दिशेने गेली. समोर कालवा, बांध, आणि टोकाला कुठेतरी न दिसणारी वखार.

"आज तू पुढे," मावशी म्हणाली. "काठी मला दे, पाय अजून सुजलेत. आणि बोल काहीतरी. गेल्या वेळी मी बोलले."

अर्धुली पुढे झाली. वारा होता. पाण्यावर ऊन तुकड्यातुकड्यांनी हलत होतं आणि बांधावरचं गवत दोन्ही बाजूंनी तिच्या पायाला लागत होतं. हे सगळं इथे होतं तर! तिने गवताची एक काडी तोडली. मग म्हणाली, "मावशी, एक राहिलं सांगायचं. फोड ना, एवढासाच होता. दुखतही नव्हता फारसा. मला कंटाळा आला होता. आणि गाडीत मजा आली. खूप मजा आली. थंडगार कॅन, गाडीवाला गाणी म्हणत होता, मी पाय वर घेऊन बसले होते आणि मला तुझी आठवणसुद्धा आली नाही." तिचा आवाज वाऱ्यात फाटला. "ऐकतेयस ना?"

मागे काठी दोनदा टेकली.

ती बोलत राहिली, चालत राहिली. मग कोण जाणे काय वाटलं, अर्धुली थांबली आणि तिने सरळ मागे वळून मावशीकडे बघितलं. एक पाऊल वजा झालं तर झालं.